हाताने सिग्नल: आजच्या गाडीत नेमका कधी आणि कसा द्यायचा?

शिकाऊ_तेरा

मंडळी, नमस्कार. शिकाऊ लायसनच्या परीक्षेत हाताच्या खुणांची चित्रं येतात. पाठ करून पास होता येतं, पण त्या चित्रांवरून रस्त्यावरचं काही उमगत नाही. आता पक्क्या लायसनची टेस्ट द्यायची आहे, चारचाकी आणि गिअरलेस स्कूटर दोन्हीची.

अडतंय ते असं. डावीकडे वळताना उजवा हात गोल फिरवायचा म्हणतात, पण कोणत्या बाजूने? स्कूटरवर उजवा हात सोडला की अ‍ॅक्सिलरेटरही गेला आणि पुढचा ब्रेकही, मग हात दाखवायचा कसा? इंडिकेटर चालू असेल तर हाताची गरज उरते का, की दोन्ही दाखवले तर मागचा आणखी गोंधळतो? आणि आमच्या सोलापुरात होटगी रोडला, विजापूर रोडला ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले हात हलवून "जा पुढं" म्हणतात, त्यावर किती विसंबायचं?

"हल्ली कोण हात दाखवतं" हे उत्तर घरी मिळालेलं आहे. कृपया त्याच्या पुढचं सांगा.

---

स्टेअरिंगवाला

खुणा पाच, आणि पाचही उजव्या हाताच्या. आपलं स्टेअरिंग उजवीकडे, त्यामुळे खिडकीबाहेर जाऊ शकतो तो हात तोच. (डाव्या स्टेअरिंगची गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेचं सिग्नलचं साधन असल्याशिवाय ती रस्त्यावर चालवताच येत नाही. कारण उघड आहे.) खुणांचं शब्दांत नेमकं वर्णन १९८९ च्या रस्ते नियमावलीत होतं. २०१७ साली तिच्या जागी नवी नियमावली आली, पण शिकवल्या जातात त्या खुणा याच.

उजवीकडे वळायचं किंवा उजवीकडे सरकायचं असेल तर हात खांद्याच्या उंचीला आडवा, सरळ बाहेर, तळवा समोर. हात स्थिर ठेवा. हलला की ती हळू होण्याची खूण वाटते.

हळू व्हायचं असेल तर हात तसाच आडवा, पण तळवा जमिनीकडे, आणि अख्खा हात सावकाश चार-पाच वेळा वर-खाली. नुसतं मनगट हलवलं तर मागच्याला वाटतं माशी हाकलताय.

थांबायचं असेल तर कोपरापासून पुढचा हात उभा, तळवा उजवीकडे.

आता डावीकडची, जिथं सगळे अडतात. हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवायचा. कोणाच्या नजरेने उलट? तुमच्याही आणि मागच्याच्याही, कारण दोघंही पुढंच बघताय. हात सगळ्यात वर असेल तेव्हा तो गाडीच्या टपाकडे, म्हणजे डावीकडे जाताना दिसला पाहिजे. तिथून खाली, खालून बाहेरच्या बाजूला, मग परत वर. गाडीच्या टपावरून हवा पलीकडे ढकलताय असं समजा, दिशा चुकणार नाही. समोरून येणाऱ्याला हीच खूण घड्याळाच्या दिशेने दिसते. म्हणून परीक्षेतलं चित्र गाडी मागून दाखवतंय की पुढून, हे आधी बघायचं आणि मग बाण. आणि फिरवायचा तो खांद्यातून, मोठा गोल. कोपरातून फिरवलेला छोटा गोल वीस मीटरवरून नुसती वळवळ दिसते.

पाचवी खूण मागच्याला पुढं जाऊ देण्याची. हात आडवा बाहेर, आणि मागून पुढं अर्धवर्तुळात झुलवायचा. ही ओळखता आली पाहिजे, पण नवीन माणसाने ती द्यायच्या भानगडीत पडू नये. तुम्हाला समोरचं जेवढं दिसतं तेवढ्यावर मागच्याने जीव टाकायचा, हा सौदा फार महागाचा आहे.

चारचाकीत क्रम महत्त्वाचा, कारण इथंच गडबड होते. डावा हात गिअरच्या दांड्यावर आणि उजवा खिडकीबाहेर असेल तर स्टेअरिंग कोणाकडे? कोणाकडेच नाही. म्हणून आधी उजवा आरसा बघा, आपल्या उजव्या अंगाने दुचाकी घुसत नाही ना ते पाहून घ्या. नवी पेठेत किंवा टिळक चौकात हे न बघता हात काढलात तर कोणाच्या तरी छातीवर बसेल. मग डावा हात स्टेअरिंगवर पक्का, गाडी सरळ रेषेत, आणि खूण दोन ते तीन सेकंद. हात आत घ्या, दोन्ही हात स्टेअरिंगवर आणा, मगच ब्रेक, गिअर आणि वळण. हात बाहेर ठेवून वळायचं नाही. खूण वळायच्या आधीची असते, वळतानाची नव्हे.

किती आधी? ताशी ४० ने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांच्या खुणेतच ३३ मीटर संपले. त्यानंतर ब्रेकला जागा हवी. शहरात ५०-६० मीटर आधी सुरुवात करा. पुणे रोडला ताशी ८० ने जाताना सेकंदाला २२ मीटर जातात. तिथं हाताच्या भरवशावर राहायचंच नाही. वाऱ्याने हात मागं ढकलला जातो, आडवा राहत नाही, आणि ऐंशी-शंभर मीटर मागच्याला तो दिसतही नाही. तिथं इंडिकेटर, आणि तोही लवकर.

इंडिकेटर असताना हात लागतो का? कायद्याचं कलम १२१ उजव्या स्टेअरिंगच्या गाडीला विजेच्या साधनाने वळण्याची आणि थांबण्याची खूण द्यायची मुभा देतं. त्यामुळे रोजच्या चालवण्यात इंडिकेटर पुरतो. मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या उन्हात दर चौकाला काच खाली करा असं कोणी म्हणत नाही. पण एक गोष्ट इंडिकेटरकडे नाहीच: हळू होणं. आणि ब्रेक लाईट सांगते ती ब्रेक दाबल्यावर. पायाने ब्रेक न दाबता नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअर खाली आणलात, चौथ्यावरून दुसऱ्यावर, तर गाडी चांगलीच मंदावते आणि मागं एकही दिवा लागत नाही. रंग उडालेल्या गतिरोधकापाशी मागून धडक बसते तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. वर-खाली हात किंवा ब्रेक पेडलवर हलके दोन टपके, दोन्हींतलं एक तरी कराच.

टेस्टला बसण्याआधी पाचही खुणा उभ्या गाडीत बसून करून बघा. खांदा दरवाजाला टेकतो, कोपर अडतं, हे तिथंच कळतं. सीट फार मागं असेल तर हात दाराच्या खांबामागे जाऊन अर्धाच बाहेर येतो.

---

वायर_रिले

वरच्या उत्तरात थोडी भर घालतो, विजेच्या बाजूची. हात कधी दाखवायचा याचं खरं उत्तर "आपला इंडिकेटर खोटं बोलतोय हे कळेल तेव्हा" असं आहे. मग ते कळायचं कसं?

इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करायला हवा. अचानक टकटक-टकटक दुप्पट वेगाने वाजायला लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. फ्लॅशर रिले (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) ठरावीक लोड धरून चालतो. बल्ब कमी झाला की त्याची चाल बिघडते. बहुतेक चारचाकींत बल्ब २१ वॉटचा, बऱ्याच दुचाकींत १० वॉटचा. दुचाकीला हौसेने एलईडी इंडिकेटर बसवले आणि रिले जुनाच ठेवला तर सगळे बल्ब शाबूत असूनही उघडझाप पळते, कारण एलईडी वीज ओढतच नाही म्हणावी इतकी कमी. एलईडीचा वेगळा फ्लॅशर मिळतो, तो टाका. रेझिस्टर लावून भागवणारे भागवतात, पण तो तापतो आणि प्लॅस्टिकला टेकला तर वितळवतो.

दुसरा दोष जास्त फसवा. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद उजळतो किंवा इंडिकेटरबरोबर टेल लाईट फडफडते. इथं बल्ब चांगला असतो, अर्थिंग (वीज परत जायची पत्र्याची जोडणी) खराब असतं. मागच्या लॅम्पचा अर्थिंगचा स्क्रू गंजला की वीज परतीची वाट दुसऱ्या बल्बातून शोधते. स्क्रू काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, परत कसा. खर्च शून्य.

दुचाकीला ब्रेक लाईटचे स्विच दोन असतात, पुढच्या लिव्हरला एक आणि मागच्या ब्रेकला एक. मोटारसायकलच्या पेडलचा स्विच स्प्रिंगने ओढला जातो. नट सैल झाला तर लाईट उशिरा लागते, जास्त आवळला तर कायम पेटून राहते. कायम पेटलेली ब्रेक लाईट ही न पेटणाऱ्या लाईटपेक्षा वाईट, कारण मागच्याला तुम्ही खरंच कधी थांबताय तेच कळत नाही. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, एकेक ब्रेक वेगळा दाबून भिंतीवर लाल पडतंय का बघा. एक मिनिटाचं काम.

ऊन हा तिसरा. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला मार्केट यार्डाकडून हैदराबाद रोडने पूर्वेला निघालात की मावळतीचं ऊन थेट तुमच्या मागच्या लेन्सवर पडतं. पिवळी लेन्स उन्हानेच चमकते, दिवा लागलाय की विझलाय हे मागच्याला ओळखू येत नाही. तिथं वळताना आडवा हात स्वच्छ दिसतो. उलट दिशेने, म्हणजे शहरात येताना, मागच्याच्या डोळ्यांवरच ऊन असतं. तेव्हा इंडिकेटर नाही, हात नाही, काहीच धड दिसत नाही. वेग आधीपासून कमी करणं एवढंच तुमच्या हातात.

आणि दोरीने गाडी ओढताना. बॅटरी मेलेल्या गाडीला ना इंडिकेटर ना ब्रेक लाईट, म्हणून मागच्या चालकाने हात दाखवायचा असं सगळे सांगतात. पण इंजिन बंद असलं की पॉवर स्टेअरिंगचा आणि ब्रेक बूस्टरचा जोर गेलेला असतो. तसं जड स्टेअरिंग एका हाताने धरून दुसरा बाहेर काढणं अवघड आहे. आधी दाखवा, वळण सुरू व्हायच्या आत दोन्ही हात परत आणा. पुढच्याने इंडिकेटर नेहमीच्या दुप्पट आधी लावायचा, म्हणजे मागच्याला तेवढा वेळ मिळतो.

---

दोन_पेडल

स्कूटरचं मी सांगतो.

गिअरलेसवर उजवी लिव्हर पुढच्या ब्रेकची, डावी मागच्या ब्रेकची. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला, त्यामुळे तशा स्कूटरवर डावी लिव्हर दाबली की पुढचाही थोडा लागतो. म्हणजे उजवा हात बाहेर असताना तुम्ही अगदीच बिनब्रेकचे नसता. तरी थांबायचं ते दोन्ही हात हँडलवर आल्यावर.

अडचण दुसरीच आहे. उजवा हात सोडला की अ‍ॅक्सिलरेटर आपोआप बंद होतो, गाडी जराशी ओढल्यासारखी मंदावते आणि त्याच क्षणी मागची ब्रेक लाईट लागलेली नसते. म्हणून हात सोडायच्या आधी वेग २०-२५ वर आणा, पाठ सरळ, गुडघे आत, डाव्या हाताची पकड घट्ट पण कोपर सैल. कोपर ताठ ठेवलं तर हात काढताना हँडल डावीकडे ओढलं जातं. खूण दीड-दोन सेकंदच. त्याहून जास्त वेळ एका हाताने चालवणं नवख्याला झेपत नाही.

कुठं अजिबात हात सोडायचा नाही? खडी, सांडलेलं ऑइल, ओला रस्ता, खड्डा, गतिरोधक, आणि मागं माणूस किंवा गॅसची टाकी असेल तेव्हा. टेस्टमध्ये आठचा आकडा काढतानाही नाही. तिथं इंडिकेटर आणि पाय न टेकता संथ गती एवढं बघतात. हात दाखवायच्या नादात पाय टेकला की आकडा गेला.

दुचाकीचा इंडिकेटर चारचाकीसारखा वळल्यावर आपोआप बंद होत नाही. बटण दाबून बंद करावा लागतो, आणि निम्मे लोक विसरतात. सात रस्त्यापासून लागलेला उजवा इंडिकेटर आसरा चौकापर्यंत तसाच. म्हणून पुढच्या दुचाकीचा इंडिकेटर दिसला की त्याचं डोकं बघा. वळणारा माणूस मान वळवतो किंवा आरशात बघतो, विसरलेला सरळ बघत राहतो. हाताच्या खुणेचा एक फायदा इथंच आहे: ती चुकून चालू राहत नाही.

सायकलवाल्यांसाठी: डावीकडे वळताना सरळ डावा हात आडवा करणं हेच बहुतेकांना कळतं. उजवा हात गोल फिरवणं सायकलवर दिसतही नाही आणि तोलही जातो. बहुतेक सायकलींवर उजव्या हाताखाली पुढचा ब्रेक असतो. उजवा हात बाहेर असताना डाव्याने मागचा हलका लावता येतो, उलट केलं तर एका हाताने पुढचा करकचून लागून पुढं पडायची भीती. रात्री गडद बाहीचा हात कोणालाही दिसत नाही. मनगटाला चमकणारी पट्टी बांधा, दंडाला नको. हलतं ते मनगट.

रिक्षावाल्यांच्या पायाच्या सिग्नलबद्दल विचारलं नाहीत ते बरं केलंत. तो कुठल्याच नियमावलीत सापडणार नाही, पण डावा पाय बाहेर आला की रिक्षा डावीकडे घुसणार हे सोलापुरात शेंबडं पोरही सांगेल. चालक मधोमध बसतो, हात बाहेर फारसा येत नाही, म्हणून पाय. ओळखा, शिकू नका.

---

ऊसपट्टा

"जा पुढं" च्या खुणेबद्दल स्टेअरिंगवाल्यांशी अर्धाच सहमत आहे.

ट्रॅक्टरवाला हात का हलवतो ते आधी समजून घ्या. गळीत हंगामात मागं दोन ट्रॉल्या, ऊस आणि वाढं (उसाचे हिरवे शेंडे) दोन्ही अंगांनी बाहेर आलेलं. मागच्या गाडीला ट्रॅक्टरच दिसत नाही, त्याचा इंडिकेटर तर नाहीच. ट्रॉलीला टेल लाईट बसवलेली असली तरी ट्रॅक्टर ते पहिली ट्रॉली आणि पहिली ते दुसरी अशी वायरची दोन जोडणी लागतात. कारखान्यावर ट्रॉली रिकामी करताना, पिन काढताना ती वायर तुटते किंवा सॉकेटमध्ये माती जाते. रस्त्यावर आल्यावर दुसऱ्या ट्रॉलीचा दिवा बंद, आणि ट्रॅक्टरवर बसलेल्याला त्याचा पत्ताही नाही. अशा वेळी अरुंद रस्त्यावर मागं पंधरा गाड्या तुंबल्या की चालकाने हात हलवणं ही सोयच असते. तो उंच बसतो, समोरचं त्याला जास्त दिसतं. त्यामुळे द्यायचीच नाही असं मी म्हणणार नाही. पण ती खूण म्हणजे "माझी हरकत नाही" एवढंच. "रस्ता मोकळा आहे" हे तुमचं तुम्ही बघायचं.

दुसरं म्हणजे त्या खुणेचा गोंधळ. आडवा हात झुलला तर "पुढं जा", आडवा हात स्थिर असेल तर "मी उजवीकडे वळतोय". उसाच्या बाजूने अर्धवट दिसणाऱ्या हातात हा फरक ओळखू येत नाही. ट्रकवाल्यांच्या उजव्या इंडिकेटरचं तेच. कोणी तो "ये पुढं" म्हणून लावतो, कोणी खरंच वळायला. नियम एकच धरा: उजवा इंडिकेटर म्हणजे तो उजवीकडे वळणार. पुढं शेताचा रस्ता, ढाबा, दुभाजकाची फट, पेट्रोल पंप असं काही उजव्या बाजूला असेल तर कोणी कितीही हात हलवला तरी थांबा. सरळ रस्त्यावर तो ट्रक डावीकडे सरकून वेग कमी करतोय का बघा. खरंच जागा देणारा सरकतो.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांसाठी: दोन ट्रॉल्या घेऊन उजवीकडे शेतात वळताना हाताच्या खुणेचा उपयोग नाही, मागचा ती बघूच शकत नाही. डावीकडे घेऊन थांबा, मागच्या गाड्या जाऊ द्या, बरोबर माणूस असेल तर त्याला शेवटच्या ट्रॉलीमागं उतरवा, मग वळा. शेवटच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर दोन्ही टोकांना लाल रिफ्लेक्टर ठोका, आणि ते वाढ्याखाली झाकले जात नाहीत हे ऊस भरून झाल्यावर बघा, आधी नव्हे.

---

शिकाऊ_तेरा

सगळ्यांचे आभार. टपावरून हवा ढकलायचं डोक्यात बसलं. एक राहिलं: परीक्षेत पोलिसांच्या हाताच्या खुणाही विचारतात, त्या यातच येतात का? आणि सिग्नल हिरवा असताना पोलिसाने हात आडवा केला तर?

---

स्टेअरिंगवाला

नाही, त्या वेगळ्या. चालक सांगतो "मी काय करणार", पोलीस सांगतो "तू काय कर". उजवा हात उभा, तळवा समोर म्हणजे समोरून येणाऱ्यांनी थांबायचं. डावा हात बाजूला आडवा म्हणजे त्याच्या पाठीमागून येणाऱ्यांनी थांबायचं. दोन्ही एकदम असतील तर पुढचे-मागचे दोघंही. चित्रात पोलिसाचं तोंड कुठं आहे ते बघून तुमची गाडी कोणत्या बाजूला येते ते ठरवा, उत्तर आपोआप मिळतं.

दिवा हिरवा आणि पोलिसाचा हात थांबा म्हणतोय, तर पोलिसाचा हात चालतो. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक असते तेव्हा वाहतूक वळवतात आणि कितीतरी चौकांत दिव्याकडे कोणी बघतच नाही. तिथं काच खाली ठेवा, शिट्टीही ऐकू यायला हवी.

---

वायर_रिले

आणि टेस्टच्या दिवशी निघायच्या आधी इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक लाईट तिन्ही बघून निघा. चारचाकीवाले चारही बाजूचे धोक्याचे दिवे चौकात "सरळ जायचंय" म्हणून लावतात, ते मात्र शिकू नका. डावीकडून बघणाऱ्याला त्यातला डावाच दिसतो आणि तो पुढं येतो.